वेंडलसाठी दुर्बीण

"आठपट घे, ऑर्फा. रानात दहापट घेणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी."

मर्लने दोन दुर्बिणी काउंटरवर ठेवल्या. हरणांची शिकार शनिवारी खुली होणार होती. दुकानात काडतुसं आणि नारिंगी जाकिटं घ्यायला दिवसभर रीघ होती, ती आत्ता कुठे ओसरली होती.

"मला नकोय. वेंडलला द्यायचीय."

मर्लचा हात जागीच थांबला. वेंडल ऑर्फाचा सख्खा धाकटा भाऊ. पाच वर्षांपूर्वी याच मोसमात त्याने हरीण समजून गोळी झाडली होती, आणि ती ऑर्फाच्या ड्वेनला लागली होती. एकोणीस वर्षांचं पोर, अंगात लांबून डोळ्यांत भरेल असं नारिंगी जाकीट. चौकशीत वेंडल म्हणाला, "मला तो दिसलाच नाही. माझी दुर्बीण हलक्या प्रतीची होती." पुढे भेटेल त्याला तो हेच सांगत राहिला. दोघांच्या शेतांमध्ये एक कुंपण होतं, पण बहिणीच्या दाराशी तो एकदाही आला नाही. त्याचा शिकारीचा परवाना काढून घेतला होता, तो या वर्षी परत मिळाला.

"तू देवमाणूस आहेस बाई," मर्ल म्हणाला. "माझ्या भावाने असं केलं असतं, तर मी त्याला दुर्बीण नसती दिली. दुसरंच काहीतरी दिलं असतं."

"हलक्या दुर्बिणीचं रडगाणं पाच वर्षं ऐकतेय मी. एकदाचं संपू दे."

मर्ल पुन्हा मालाकडे वळला. एक दुर्बीण युरोपातली होती. किंमत ऐकून ऑर्फाने ती हातातही घेतली नाही.

"साडेतीनशे डॉलरच्या वर नाही जमणार. बाकीचे दगडात गेले."

"बसला ड्वेनचा दगड?"

"गेल्या आठवड्यात."

"बरं झालं. लोक काहीबाही बोलायचे."

बोलायचेच. ऑर्फाच्या टेकडीवर तिच्या आईबापाशेजारी पोराची कबर पाच वर्षं बिनदगडाची होती. गावाला दुसऱ्याच्या कबरीची काळजी फार.

"मग ही बघ," मर्लने काळी दुर्बीण पुढे केली. "कंपनीचं नाव मोठं नाही, म्हणून स्वस्त. काच अस्सल आहे. आत पाणी जात नाही, वाफ धरत नाही. आठपटीतही आहे, दहापटीतही."

"दिव्याखाली सगळ्याच चांगल्या दिसतात. बाहेर चल."

बाहेर उन्हं कलली होती. रस्त्याच्या पार टोकाला, तीनशे पावलांवर, चर्चची पाटी होती. ऑर्फाने आधी आठपट डोळ्यांना लावली.

"पाटी दिसते. अक्षरं लागत नाहीत."

"अगं, हरणाच्या अंगावर कुठे अक्षरं असतात?"

ऑर्फा हसली. कितीतरी दिवसांनी हसली, असं मर्लला वाटलं. मग तिने दहापट लावली, चाक सावकाश फिरवलं आणि वाचू लागली. "शनिवारी पहाटे चार वाजता शिकाऱ्यांचा नाश्ता. पॅनकेक आणि सॉसेज. सर्वांचं स्वागत."

"हिच्यात हात हलला की सगळंच हलतं हं."

"मचाणाच्या कठड्यावर कोपरं टेकूनच बसतो तो. समोर मोकळं शेत आहे. पण चष्मा लागलाय त्याला. चष्म्यासकट चालेल?"

मर्लने डोळ्यांपाशी असलेली रबरी कडा फिरवून आत बसवली. "असं केलं की चष्म्यासकट अख्खं चित्र दिसतं."

"कडेला चित्र पुसट होतं का?"

"थोडंसं. मधोमध लख्ख."

"मधलंच महत्त्वाचं. हीच दे."

मर्लने किंमत थोडी कमी करू पाहिली, तर तिने मान हलवली. भेट पूर्ण तिची असायला हवी होती. गळ्यातला पट्टाही तिने चांगला, रुंद निवडला. चिठ्ठीवर काय लिहू, असं त्याने विचारलं.

"लिही, 'तुला नीट दिसावं म्हणून.'"

पेटी मर्लने स्वतः नेऊन दिली. वेंडल दारातच ढसाढसा रडला. "ताईने माफ केलं रे मला," एवढंच म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी गावभर झालं. चर्चच्या नाश्त्याला तर लोक त्याच्या पाठीवर थाप मारून जात होते, आणि तोही पाच वर्षांत पहिल्यांदा दोनदा पॅनकेक मागून घेत होता.

उजाडलं तेव्हा तो मचाणावर होता. कठड्यावर कोपरं टेकून त्याने दुर्बीण लावली. कापलेल्या मक्याच्या शेतात दोन हरिणी चरत होत्या. त्यांच्या पापण्यासुद्धा दिसत होत्या. दुर्बीण खरंच चांगली होती, आणि ताईची माया त्याला आत्ता कळत होती. तो स्वतःशीच हसला आणि सहज नजर पुढे, बहिणीच्या टेकडीकडे नेली.

आमच्याकडे कबरीचा दगड उगवतीकडे तोंड करून बसवतात. त्यामुळे त्याच्या मचाणावरून आईबापाच्या दगडांच्या नुसत्या पाठी दिसत. नवा दगड मात्र उलटा बसवलेला होता, सरळ मचाणाकडे तोंड करून. कारागीर चुकला असेल, असं वेंडलला वाटलं.

त्याने चाक किंचित फिरवलं. पांढऱ्या दगडावरची वीतभर काळी अक्षरं लख्ख झाली.

'ड्वेन केल्नर. वय एकोणीस. वेंडलमामा, आता दिसतोय का मी?'