फळ्यावरचा वेढा

भवानी पेठेतल्या शाळेत रोजचा दिनविशेष शकुंतलाबाई लिहीत. फळा पुरा होईपर्यंत पाण्याचा घोट नाही की तोंडातून शब्द नाही, असं त्यांचं बावीस वर्षांचं व्रत होतं.

आजच्या तारखेला मध्ययुगातल्या तीन घटना होत्या: एका राजाचा अभिषेक, एक तह, एका सुलतानाचा मृत्यू. सालासकट तिन्ही लिहून बाई मागं सरल्या, तर खाली चौथी ओळ होती, त्यांच्याच अक्षरात. ‘शहराला वेढा पडला.’ साल मात्र नव्हतं.

बाईंनी ती ओल्या फडक्यानं पुसली. फळा वाळला की ओळ पुन्हा हजर. पाच वेळा पुसून हात भरून आले.

“बाई, हा वेढा कुठल्या पुस्तकातला?” मुख्याध्यापक बंदेनवाज सर वैतागले. “साल पण नाही! पालक हसतील की. उद्यापासून फळा दुसऱ्या कुणाला देतो.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी फळा पुरा होण्याआधीच व्रत मोडून त्या हळूच म्हणाल्या, “सर, देवाशपथ, ती ओळ माझी नाही.”

सर त्यांच्या मागं बघत होते. “मग साल आत्ता कुणी घातलं?”

बाई वळल्या. ओळीआधी यंदाचं साल होतं. खडूची पूड अजून खाली झरत होती.

बाहेर पेठेतल्या यंत्रमागांचा रात्रंदिवस चालणारा खडखडाट एकदम थांबला.