गोड हात

शिकवणाऱ्याने घालून दिलेली शिस्त आणि शिकणाऱ्याला जन्मतः लाभलेला देह यांत विरोध आला, तर कोणी नमावे, हा प्रश्न वार्तिनीपुढे एका कोऱ्या कागदाच्या रूपाने उभा होता. कागद शेवटचा होता. आधीच्या कागदावर तिने उजव्या हाताने लिहिले होते. टाकाचे टोक अडखळले, अक्षरे लंगडली आणि अखेरच्या ओळीवर शाईचा थेंब फुटला.

अध्यापिका विद्यालयात प्रवेश हवा, तर स्वच्छ हस्ताक्षराचा नमुना आजच्या टपालाने जायलाच हवा होता. नाहीतर उद्यापासून मुंतिलानच्या बाजारात आईशेजारी बसून आंबवलेल्या सोयाबीनचे तेम्पे तळणे.

"अगं, कोंबडीनं अंगण उकरल्यासारखं दिसतंय!" खिडकीबाहेरून वर्गातली सुमिनी हसली. "बाईंनी बघितलं, तर शालीतली वडी विसर आता."

शिक्षिका हस्तुतीबाईंचा डावा हात सदैव खांद्यावरच्या बातिकच्या शालीत गुंडाळलेला असे. चांगल्या अक्षराला बक्षीस म्हणून तिथे त्या शेंगदाण्याची वडी लपवतात, असे मुली म्हणत. उजव्या हाताचे अक्षर मात्र पंचक्रोशीत नावाजलेले: वर जाताना केसासारखे बारीक, खाली येताना भरदार. बॉलपेनच्या रेघेला ना चढ ना उतार, म्हणून त्यांच्या वर्गात बॉलपेनला बंदी होती. डाव्या हाताला तर त्याहून कडक. आमच्या जावा बेटावर उजव्या हाताला गोड हात म्हणतात. रांगते मूलसुद्धा तेच ऐकते: गोड हाताने दे, गोड हाताने घे.

वार्तिनीचा चालता हात डावा. घरी तिने त्या हातात टाक धरून पाहिला होता. टोक कागदात रुतायचे आणि ओली शाई तळव्याने फासली जायची.

"पोस्टमन आला का बघून येते. तोवर उरक," असे दारातून सांगून बाई व्हरांड्यात गेल्या.

वार्तिनीने कमरेचे बॉलपेन काढले. तेम्प्याच्या दोन तुकड्यांच्या भावात आईने घेऊन दिलेले. तिने ते डाव्या हातात धरले. टोकाची गोळी जाईल त्या दिशेला सहज फिरत होती. शाई उमटताच वाळत होती. अक्षरे एकामागून एक शांतपणे उभी राहिली.

शेवटच्या शब्दावर सावली पडली.

"कोणता हात गोड, पोरी?"

वार्तिनीने पेन खाली ठेवले. छडी बसणार म्हणून उजवा हात पुढे केला.

"हा? मग हे कुणी लिहिलं, शेजारणीनं?"

तिने तो हात तसाच पुढे धरून ठेवला. डोळे भरून आले.

बाईंनी छडी उचलली नाही. कागद उचलला. उजेडाकडे धरून तो बराच वेळ पाहिला. बाहेर पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली.

"चढ नाही, उतार नाही," त्या पुटपुटल्या. "पण डागही नाही एक." मग कागद मेजावर ठेवून म्हणाल्या, "खाली माझा दाखला लागतो. दे ते पेन इकडं."

वार्तिनीने पेन दिले. सवयीने, गोड हातानेच.

शाल बाजूला झाली. तिच्यात वडी नव्हती. एका बोटाचे पेर लहानपणी कधीतरी छडीने मोडून वाकडेच सांधलेले, असा डावा हात बाहेर आला. त्याने पेन धरले आणि पहिलीतल्या मुलाच्या वेड्यावाकड्या वळणाने लिहिले: 'हे अक्षर मुलीच्या स्वतःच्या गोड हाताचे आहे.'

त्या दोन्ही डाव्या हातांचे अक्षर अक्षय राहो.