सतरा नंबरचं कुलूप

कटरचे जबडे कुलपाच्या कडीवर टेकले होते. दाबायचं तेवढं बाकी होतं.

"दाब ना," सुपरवायझर म्हणाला. "मुहूर्त बघतोस काय?"

फिटरने दाबलं नाही. कडी करंगळीएवढी. कटर नवा. एक झटका, की लाल कुलूप खाली, खटका वर, आणि साबणाच्या पावडरीचा तो दोन माणसांच्या उंचीचा मिक्सर फिरायला लागला असता. आत चार पाती. पात्यांवर बसलेला थर खरवडायला माणसं वरच्या झाकणातून आत उतरतात. उतरण्याआधी खटका पाडायचा, त्याला आपल्या नंबराचं कुलूप घालायचं, चावी जवळ ठेवायची. हे कुलूप सतरा नंबरचं. आणि सतरा नंबरच्या बाईंची पाळी सुटून तास झाला होता.

"विसरल्या. चावी पर्समध्ये टाकून चालत्या झाल्या," सुपरवायझर म्हणाला. "आता आपण बसा बोंबलत."

बाहेर ट्रक. दर दोन मिनिटांनी हॉर्न. पॅकिंगच्या बायका रिकाम्या पट्ट्यापाशी हाताची घडी घालून उभ्या. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. पुन्हा हॉर्न.

"वर चढून आत बघितलं?" फिटरने विचारलं.

"खालून हाक मारली."

"मग?"

"मग काय? कोणी असतं तर ओ दिली असती. हजेरीपुस्तक तपासलं. आपली सगळी माणसं बाहेर आहेत."

शेजारचा कॉम्प्रेसर असा धडधडत होता की हे सगळं सुपरवायझरला त्याच्या कानाशी येऊन ओरडावं लागलं.

मग मॅनेजर आला. चालत नाही, जवळजवळ धावत. फिटरने पॅनेलवरच्या पाटीकडे बोट केलं.

ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. दुसऱ्या कोणीही, कोणत्याही कारणाने

पुढची अक्षरं हात लागून लागून पुसलेली. खाली सही शाबूत.

"सही तुमचीच आहे, साहेब."

"माझी सही मला दाखवू नकोस. मीच लिहिलं, मीच सांगतोय. काप. नाहीतर कटर ठेव आणि जाताना गेटवर पास जमा कर."

पास. म्हणजे नोकरी. म्हणजे बायको, जिने कालच बजावलं होतं, आता तरी कोणाशी वाकड्यात शिरू नका. फिटरने कटर एका हातात घेतला, दुसऱ्याने फोन काढला.

"एक फोन करतो त्यांना. एकच. मग कापतो."

रिंग. रिंग. रिंग.

"कोण?" सतरा नंबरच्या सासूबाई.

"कंपनीतून बोलतोय, आजी. सूनबाईंना द्या."

"कामावरून सुटली तरी पिच्छा सोडू नका तिचा! आंघोळीला गेलीय."

"दार वाजवा."

"अहो, अंगाला साबण लावून बसली असेल. दिवसभर तुमच्याच साबणात लोळून..."

"आजी, दार वाजवा!"

मॅनेजरने घड्याळ बघितलं. सुपरवायझरने फिटरच्या हातातला कटर ओढून घेतला आणि स्वतःच कडीला लावला. फिटरने त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हातात फोन. फोनमधून दार वाजल्याचा आवाज, थाड थाड. सुपरवायझरने मनगट सोडवून घेतलं. हॉर्न. फोनमध्ये पाणी बंद झालं. ओल्या पावलांचा आवाज.

"काय झालं?"

फिटरने फोन स्पीकरवर टाकला, आवाज पूर्ण वाढवला आणि सुपरवायझरच्या कानाजवळ धरला.

"बाई, तुमचं कुलूप राहिलंय इथं. तुम्ही विसरलात. हे कापतायत."

"विसरले नाही मी!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की पॅकिंगच्या बायकांनी माना वळवल्या. "ठेकेदाराकडची बाई आत खरवडतेय अजून. तिच्यासारख्यांना कुठं देता तुम्ही कुलपं? म्हणून माझं लावून आले. चावी तिच्या गळ्यात आहे, आत."