शिस्तीतलं जेवण

वर्षाराणीनं बाळासोच्या हातातला ग्लास काढून घेतला.

"बास झालं, भावजी. ह्या घरात शिस्तीत प्यायची असते."

बाळासो काहीतरी बोलला. जीभ इतकी जड झाली होती, की तिला एक शब्द कळला नाही. ग्लासात पाणी दिसत होतं. पाण्यासारखं काय काय दिसतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मलकापूरच्या ह्या चुलतदिराला ती चांगली ओळखून होती. नात्यातल्या एका वरातीत तो गटारीकडेला आडवा झालेला तिनं स्वतः बघितला होता. आता म्हणे सुधारलाय. कुत्र्याचं शेपूट नळीत घालून कधी सरळ झालंय?

थर्टीफर्स्टचं जेवण ती कसबा बावड्याच्या बंगल्यावर भर दुपारी ठेवायची, म्हणजे अंधाराआधी सगळे आपापल्या घरी. शिरोलीला नवऱ्याची, अमरसिंहची, फौंड्री होती; तिथली माणसं, घरचे पाव्हणे आणि शेजारपाजार, एवढीच मंडळी. आधी पोटात मटण-भाकरी, मग पेला. पेग ती स्वतः मापानं भरायची आणि आल्या आल्या गाड्यांच्या किल्ल्या काढून घ्यायची. बायका मागून हसायच्या. हसोत. तिच्या दारातून आजवर कुणी झुलत बाहेर पडला नव्हता.

आणि आज हा. तिच्या पेगच्या टेबलाकडं तो फिरकलासुद्धा नव्हता. म्हणजे वाटेतच क्वार्टर रिचवून आला असणार. किल्ली देताना ती त्याच्या हातातून दोनदा खाली पडली, तेव्हाच तिनं ओळखलं होतं.

"अगं, सोडलीय म्हणत होता तो," अमरसिंह हळूच म्हणाला.

"सोडलीय म्हणणारेच जास्त ढोसतात."

बाळासो उठायला गेला आणि कलंडला. तांबड्या रश्श्याचं पातेलं त्याच्याबरोबर खाली आलं. फौंड्रीतली माणसं हसली.

"दमानं, पावणं," कुणीतरी म्हणालं. "वरीस अजून संपायचं हाय."

शेजारच्या बंगल्यातली भैरवी ताटावरून उठली. ती डॉक्टर होती. "मी बघू का जरा?"

"बघण्यासारखं काय आहे त्यात? प्यायलेला माणूस कधी बघितला नाहीस? तू बस, जेव. असल्यांसाठी तुझं ताट कशाला गार करतेस?"

भैरवी घुटमळली आणि बसली.

नवरा-बायकोनं मिळून बाळासोला मागच्या खोलीत नेलं. पाय फरफटत होता. पलंगावर टेकताच त्यानं वर्षाराणीचा पदर धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दारुड्यांच्या रडण्याइतकी किळस तिला दुसऱ्या कशाची येत नसे.

"वैनी... डो... डोसकं..."

"दुखणारच. प्यायच्या आधी विचार करायचा."

तिनं पदर सोडवून घेतला. शुद्धीवर येऊन किल्ली शोधत फिरायला नको, म्हणून बाहेरून कडी घातली.

मग पंगत रंगली. वर्षाराणीनं वरातीतली ती गटार तिखटमीठ लावून सांगितली, अमरसिंहसुद्धा हसला. उन्हं कलली तशी ती एकेकाला नीट निरखून त्याच्या किल्ल्या देत गेली. सगळे सरळ पावलांनी बाहेर पडले.

"वहिनी, पार्टी करावी तर तुमच्यासारखी," एकजण जाताना म्हणाला. तिला ते पटलं.

शेवटी भैरवी निघाली. चपला घालता घालता थांबली.

"तुझे दीर उठले का गं?"

"घोरत असतील. बघ हवं तर, पण नाकाला रुमाल लावून जा."

भैरवीनं कडी काढली. वर्षाराणी रिकामे ग्लास ट्रेमध्ये भरू लागली. ट्रे भरत आला. मग भैरवी दारात आली.

"ह्यांच्या तोंडाला दारूचा वासही नाही, वर्षा. अंगावरून वारं गेलंय. ही कडी तू किती वाजता घातलीस?"