पाण्यातले देव

फोन अजून आला नव्हता आणि सुंदरबाईचे देव अजून पाण्यातच होते.

दिल्लीत मंत्रिमंडळाचा विस्तार होणार, अशी बातमी आली त्याच दिवशी तिनं देवघरातले सगळे देव उचलून तांब्याच्या घंगाळात बुडवले होते. मागणं पुरं होईस्तोवर त्यांना बाहेर काढायचं नाही, ही तिच्या सासूची रीत. शपथ उद्या होती. ज्यांना मंत्री करायचं त्यांना आदल्या दिवशी फोन येतो, एवढं आता अख्ख्या वडवणीला पाठ झालं होतं.

बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्ही मोठ्यानं चालला होता. बाहेर लिंबाखाली हलगीवाले जाळ करून हलग्या शेकत बसले होते.

मधोमध तक्क्याला टेकून तिचा मुलगा शिवशंकर बसला होता. हात कुडत्याच्या खिशावर. दिल्लीत नोंदवलेला नंबर त्या खिशातल्या फोनचा होता. निवडणूक झाल्यापासून त्यानं तो फोन कुणाच्या हाती लागू दिला नव्हता. न्हाणीत जातानासुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायचा.

"साहेब, रेल्वे मागा," गॅरेजवाला पाशा म्हणाला. "आमचा आब्बा रेल्वेची वाट बघत कबरीत गेला."

"मागून भेटत असतं का बे? पानात वाढतील ते खायाचं."

"अन् क्रीडा खातं वाढलं तर?"

"तर ह्या अजिनाथला लंगडी खेळायला धाडू."

अजिनाथचं पोट बघून सगळे हसले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला आणि हसू जागच्या जागी थिजलं. शिवशंकर दचकून उभा राहिला. फोन पेढेवाल्याचा होता. खोके आता पाठवू का, विचारत होता.

"ठेव बे!" शिवशंकर खेकसला. कपाळावरचा घाम पुसून तो परत खाली बसला.

अजिनाथ उगाच देवघराकडं वळला. "आक्का, देवाला काढा आता बाहेर. सर्दी व्हईल त्याला."

"व्हऊ दे. त्याबिगर ऐकत न्हाई त्यो."

"मागितलंय तरी काय? निदान खातं तरी सांगा."

"मागितलेलं सांगू न्हाई, बाबा."

सुंदरबाई देवघराच्या उंबऱ्यावर बसली होती. तिथून एका अंगाला बैठक दिसायची, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर. तिथं सून, सत्यशीला, परातीत पीठ मळत होती. सकाळपासून चहाचं पातेलं खाली उतरलं नव्हतं. तिचे ओठ सारखे हलत होते, पोथी पाठ करावी तसे. मधेच अडखळायची, डोळे मिटायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. दाराआड बॅग भरून ठेवलेली होती. एकच.

"कावून गं, तोंड सुकलं तुजं?"

"काय न्हाई, आत्याबाई."

"घास तरी खा."

"भूकच न्हाई आज."

सुंदरबाईची नजर त्या एका बॅगेवर गेली. एरवी दिल्लीला दोघं जोडीनंच जात. परत आला की शिवशंकरची कुरकुर ठरलेली: तिथं दिवसभर उभ्या गाडीत बसून बसून कंबर मोडली. तरी जायचा. मागं ऐन निवडणुकीच्या तोंडावर कोर्टाच्या निकालानं त्याचा पाय अडकवला तेव्हा गाव म्हणालं होतं, संपलं हे घर. पण मतमोजणी झाली आणि गुलाल याच दारात पडला.

गुलालाचं तिला नवल नव्हतं. फार मागं, नवा कायदा झाला आणि सरपंचकी या घरात आली, तेव्हाही बैठक अशीच भरली होती. मालकांना खांद्यावर घेऊन लोक मारुतीपर्यंत नाचले होते. त्यांचं धोतर धुता धुता तिचे हात लाल झाले, ते कितीतरी दिवस तसेच राहिले. पाच वर्षं सरपंचकी नांदली. तेवढ्या काळात सुंदरबाईनं ग्रामपंचायतीचा उंबरा एकदाही ओलांडला नाही. सहीचे कागद तेवढे तिच्याकडं घरी यायचे.

"गेलं!" बैठकीतून कुणीतरी ओरडलं.

टीव्हीवर नावं सरकत होती. शेजारच्या जिल्ह्यातल्या खासदाराला फोन गेला होता. मराठवाड्याला एकच मिळणार, असं सगळे धरून बसले होते. कुणी टीव्हीचा आवाज कमी केला. कुणी खोकला. दाराशी चपला शोधायची चुळबूळ सुरू झाली. पाशा हलगीवाल्यांना काहीतरी सांगायला बाहेर निघाला. सत्यशीलाचे हात पिठातच थांबले होते.

फोन वाजला.

या खेपेला कुणी हललं नाही. शिवशंकरनं नंबर बघितला आणि उभा राहिला.

"जी. जी सर. नमस्कार." त्याचा आवाज चिरकला. "जी, मी शिवशंकर... सांगा ना, सर, मी हायेच की."

तो ऐकत राहिला. चेहऱ्यावरचं तेज हळूहळू ओसरलं.

"काय झालं, साहेब?" पाशानं दारातूनच विचारलं.

 फोनवर तळवा दाबून, माणसांतून वाट काढत, आईला ओलांडून शिवशंकर थेट स्वयंपाकघरात गेला आणि दबक्या आवाजात बायकोला म्हणाला, "नुसतं हो म्हण. अन् लगेच इकडं दे."

सत्यशीलानं पदराला हात पुसले, फोन घेतला आणि बैठकीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नमस्कार. मी खासदार सत्यशीला बोलतेय. होय, शपथेला उद्या पोचते. सोबत? सोबत कुणी नाही, एकटीच येते."

फोन तिनं परत दिला नाही. सुंदरबाईनं घंगाळात हात घातला आणि पहिला देव पाण्याबाहेर काढला.