दगडूची पाठ

"तुम्ही या माणसाच्या डोक्यात चोरून हात घातलाय!" वाघचौरे वकीलबाईंनी सरकारी बाकाकडे बोट रोखलं. मागून कुणीतरी थुंकल्याचा आवाज आला.

दगडू भिसेवर शाळेच्या टाकीत विष कालवून अकरा पोरं मारल्याचा आरोप होता. त्याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, असा गावच्या वकिलांनी ठराव केला होता. बाईंनी तो धुडकावला.

"ताई, राक्षसाला राखी बांधलीत म्हणे?" काकडे वकिलांनी सकाळीच टोमणा मारला होता.

"चुकीचा माणूस फासावर गेला, तर खरा राक्षस दुसरी टाकी शोधेल, काकडे."

आता खटल्यांना साक्षीदार लागत नसत. आरोपीच्या डोळ्यांनी जे पाहिलं, ते आठवणयंत्र जसंच्या तसं पडद्यावर आणी आणि न्यायाधीश सही करत. निळ्या सदऱ्यातला दगडू टाकीवर वाकून बाटली रिती करतोय, हे सगळ्यांनी एकदा पाहिलं होतं. दुसऱ्यांदा बघायची कुणाची छाती झाली नव्हती. बाईंनी ते सोळा वेळा पाहिलं होतं.

"साहेब, पुन्हा लावा. हं, इथे थांबवा."

पडद्यावर निळी पाठ स्थिरावली.

"हे दगडूने पाहिलं म्हणता ना? मग स्वतःची पाठ दिसते का हो कुणाला?"

सरकारी वकील उगाच कागद चाळू लागले. पिंजऱ्यातला दगडू पहिल्यांदाच मान वर करून पडद्याकडे बघत होता.

"ही त्याला कोठडीत बसवून दाखवलेली फीत आहे; यंत्राने तीच त्याची आठवण म्हणून बाहेर काढली. त्याचा सदरा चढवून वाकलेला हा माणूस कोण? नाव सांगा!"