नाटकं

मुक्ताला थंडीत पळताना दम लागायचा. "नाकावर मफलर घे, एकदम ग्रँड, ठणठणीत होशील," म्हणत संकेतने बायकोला परदेशातल्या त्यांच्या गावच्या, स्वोर्ड्सच्या पार्कात पळायला नेलंच. दुसऱ्या फेरीला तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. हातानेच 'पुरे' म्हणत ती बाकावर टेकली, तसा संकेतने तिचा व्हिडिओ काढून पुण्याच्या फॅमिली ग्रुपवर टाकला: "हिरॉइनची नाटकं सुरू." हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली.

तासाभराने हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी त्याला बाजूच्या खोलीत बसवून ती गेल्याचं सांगितलं. घरी कळवायला म्हणून त्याने ग्रुप उघडला.



आईचा मेसेज येऊन पडला होता: "अरे, पुढचं टाक ना. आत्याला दाखवायचंय."